भुसावळ स्टेशनवर लॅपटॉप उघडण्याआधी

मागच्या पावसाळ्यात भाचीला पुण्याच्या गाडीत बसवायला भुसावळला गेलो होतो. गाडीला दोन तास उशीर. बाकावर टेकल्या टेकल्या तिने लॅपटॉप काढला, कारण महाडीबीटी या सरकारी साइटवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा राहिला होता. वायफायची यादी उघडली तर जवळजवळ सारखी दोन नावं. एक ‘रेलवायर’ आणि दुसऱ्यात त्याच नावापुढे ‘फ्री’ जोडलेलं. या दुसऱ्याचे पट्टे पूर्ण भरलेले. तिचं बोट तिकडेच गेलं. "मामा, हे जास्त फास्ट दिसतंय."

"थांब जरा," मी म्हणालो.

वायफायला कुणीही कोणतंही नाव देऊ शकतं. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला स्टेशनचं, कॉलेजचं किंवा समोरच्या हॉटेलचं नाव द्यायला अर्धं मिनिट पुरतं. ते नाव एखाद्या पोराने गमतीत ठेवलंय की कुणी जाळं लावून बसलंय, यातलं लॅपटॉपला काही कळत नाही. त्याला फक्त अक्षरं दिसतात. म्हणून जोडण्याआधीची खात्री आपणच करायची असते.

मी जळगावात संगणकाचे वर्ग घेतो. चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, शहाद्याकडची मुलं पहिला लॅपटॉप घेऊन शिकायला बाहेर पडतात तेव्हा कुणी त्यांना बसवून हे सांगत नाही. त्या दोन तासांत भाचीला जे दाखवलं, तेच इथे क्रमाने लिहितो.

आधी, हवेतून जाताना नेमकं काय दिसतं

भीती योग्य ठिकाणी असावी, म्हणून हे आधी समजून घ्या. रावेर-सावद्याकडून केळीचा ट्रक दिल्लीला निघतो. नाक्यावर उभ्या माणसाला ट्रकचा नंबर दिसतो, तो कुणीकडे चाललाय ते कळतं आणि माल साधारण किती असेल याचाही अंदाज येतो. पण ताडपत्री आवळून सील लावलं असेल, तर आतला घड त्याला मोजता येत नाही. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारी वेबसाइट म्हणजे हा बांधलेला ट्रक. वायफाय चालवणाऱ्याला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात, किती वेळ होतात आणि किती डेटा गेला हे सहसा कळतं. तुमचा पासवर्ड आणि फॉर्ममधली माहिती कळत नाही. नुसतं ‘एचटीटीपी’ असेल, तर तो उघडा ट्रक. वाटेतला कुणीही घड काढून घेऊ शकतो, इतकंच काय, आत दुसरा मालही टाकू शकतो.

पूर्वी बहुतेक ट्रक उघडेच असत. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर नावाच्या प्रोग्रॅमरने ‘फायरशीप’ नावाचा, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम जाहीर केला. तो लावून एखाद्या कॉफीच्या दुकानात बसलं की त्याच वायफायवरच्या लोकांची फेसबुकसारखी खाती बाजूच्या पट्टीत दिसायला लागत आणि क्लिक केलं की ते खातं उघडे. पासवर्ड चोरावाच लागत नसे. लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरला जी ओळखीची चिठ्ठी देते, म्हणजे कुकी, तीच उघड्यावरून उचलली जायची. अशी चोरी किती सोपी आहे ते बटलरने जगाला दाखवून दिलं. त्यानंतर मोठ्या साइट एकेक करून पूर्ण एचटीटीपीएसवर गेल्या, आणि जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर ‘नॉट सिक्युअर’ असा शिक्का दाखवू लागला.

त्यामुळे आज हवेतून पासवर्ड उचलला जाण्यापेक्षा आपण तो आपल्या हाताने चुकीच्या माणसाला देण्याची शक्यता जास्त आहे. खोट्या नावाचं वायफाय, खोटं लॉगिन पान, न वाचता ओलांडलेली सूचना आणि उघडं राहिलेलं शेअरिंग. माझ्या अनुभवात घात होतो तो या चार ठिकाणी. पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच आहे.

आणखी एक गैरसमज. हॉटेलच्या भिंतीवर वायफायचा पासवर्ड लिहिलेला असतो, तेव्हा ‘पासवर्ड आहे म्हणजे सेफ’ असं वाटतं. तो पासवर्ड शेजारच्या टेबलावरच्यालाही माहीत असतो. अजूनही बऱ्याच ठिकाणी वायफायला कुलूप लावायची डब्ल्यूपीए२ ही पद्धत चालते, आणि तिच्यात सगळ्यांचा पासवर्ड एकच असला तर जाणकार माणूस दुसऱ्याची हवेतली वाहतूक उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ने ही फट बुजवली, पण समोरचं राउटर कोणतं आहे हे आपल्या हातात नसतं. भिंतीवरचा पासवर्ड दिसला तरी ते वायफाय सार्वजनिकच समजा.

घरून निघण्याआधी

खरं काम घरी होतं. फलाटावर गर्दी, उकाडा, गाडीची घाई आणि त्यात सेटिंग शोधत बसलात तर चुकणारच. आदल्या रात्री अर्धा तास काढा.

सगळ्यात आधी अपडेट. सेटिंग्ज उघडा, ‘विंडोज अपडेट’मध्ये जा, जे बाकी असेल ते घरच्या नेटवर उतरवून घ्या आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. ब्राउझरही बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे त्याचं अपडेट लागू होईल. विंडोज १० असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉप विंडोज ११ चालवू शकत असेल तर ते घ्या. घरच्या अपडेटचा दुसरा फायदा असा की बाहेरच्या वायफायवर ‘तुमचं अमुक जुनं झालंय, इथे क्लिक करा’ अशी खिडकी आली की ती खोटी हे लगेच ओळखता येतं. बाहेर असताना वेबपानावर आलेलं कोणतंही अपडेट घ्यायचं नाही.

मग शेअरिंग. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण डोळ्यांनी पाहिलंय.

धुळ्याला एका लग्नासाठी लॉजवर उतरलो होतो. रात्री वायफाय जोडलं आणि फाइल एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूला ‘नेटवर्क’वर माझं क्लिक झालं. माझ्या लॅपटॉपच्या नावाखाली आणखी एका कॉम्प्युटरचं नाव. त्यावर क्लिक केलं तर पासवर्ड न विचारता फोल्डरची नावं समोर आली. ‘घराचे कागद’, ‘आधार पॅन सगळ्यांचे’, ‘दुकान जीएसटी’. मी आत गेलो नाही. खाली जाऊन मॅनेजरला सांगितलं. ते गृहस्थ वरच्या मजल्यावर होते, बिचारे धावत आले. घरच्या दोन कॉम्प्युटरमध्ये फाइली नेता याव्यात म्हणून कुणीतरी वर्षापूर्वी शेअरिंग चालू करून दिलं होतं आणि पासवर्डचं बंधन काढून टाकलं होतं. लॉजचं वायफाय जोडताना त्यांनी ‘प्रायव्हेट’ निवडलं, कारण प्रायव्हेट म्हणजे खासगी, म्हणजे सुरक्षित, असं त्यांना वाटलं. विंडोजमध्ये अर्थ नेमका उलटा आहे. ‘प्रायव्हेट’ म्हणजे ‘इथली सगळी आपलीच माणसं, मला दिसू द्या’. ‘पब्लिक’ म्हणजे ‘मी परक्या ठिकाणी आहे, मला लपवा’. हे एवढं वाक्य पाठ झालं तरी पुष्कळ.

विंडोज ११ मध्ये रस्ता असा. सेटिंग्ज, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’, मग ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’. तिथे ‘पब्लिक नेटवर्क्स’च्या खाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ दोन्ही बंद. खाली ‘ऑल नेटवर्क्स’मध्ये ‘पब्लिक फोल्डर शेअरिंग’ बंद आणि ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू. मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून फायरवॉल, म्हणजे बाहेरून आत येऊ पाहणाऱ्यांना अडवणारी भिंत, तिथे दिसणाऱ्या तिन्ही प्रकारच्या नेटवर्कसाठी चालू आहे ना, ते बघून घ्या. मॅक असेल तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये ‘शेअरिंग’मधलं सगळं बंद आणि ‘नेटवर्क’मधली फायरवॉल चालू.

तिसरं, जुनी नावं पुसणं. ‘वायफाय’मध्ये ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ उघडा. आजवर जिथे जिथे जोडलं त्या सगळ्यांची यादी दिसेल. घर आणि कॉलेज सोडून बाकी एकेकावर ‘फर्गेट’ करा. कारण असं की बिनपासवर्डचं वायफाय लॅपटॉपच्या लक्षात राहिलेलं असलं, आणि कुणी त्याच नावाचं दुसरं सुरू केलं, तर लॅपटॉप न विचारता त्याला जाऊन चिकटतो. तुमचा लॅपटॉप बॅगेत असला तरी तो जागा असेल तर हे घडू शकतं. मागे ‘वायफाय’च्या पानावर येऊन ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ चालू करून ठेवा, म्हणजे प्रत्येक वायफायला तुमच्या यंत्राची तीच ओळख मिळणार नाही.

चौथं ब्राउझरचं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘सिक्युरिटी’, तिथे ‘ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स’ आणि ‘यूज सिक्युअर डीएनएस’ चालू. फायरफॉक्समध्ये यातल्या पहिल्याला ‘एचटीटीपीएस-ओन्ली मोड’ म्हणतात. बँक, महाडीबीटी, विद्यापीठ, अशा रोजच्या साइटचे बुकमार्क घरीच करून ठेवा. बाहेर असताना बँकेचं नाव सर्चमध्ये टाकून पहिल्या दुव्यावर जाणं ही वाईट सवय आहे.

पाचवं, दोन टप्प्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं. निदान ईमेलला तरी लावाच. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची पत्रं ईमेलवरच येतात. ते खातं गेलं म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगाच गेला.

आणि लॅपटॉपच चोरीला गेला तर? रात्रीच्या गाडीत बॅग जाणं हा वायफायइतकाच खरा धोका आहे. विंडोजचा लॉगिन पासवर्ड तिथे पुरत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की फाइली वाचता येतात. म्हणून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त डिस्कच कुलूपबंद करणारं ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ आहे का पाहा आणि चालू करा. मॅकवर त्याला ‘फाइलव्हॉल्ट’ म्हणतात. अडलं तर हे कुलूप उघडणारी बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली, म्हणजे ‘रिकव्हरी की’, वहीत उतरवून वही घरी ठेवा. ती हरवली आणि कुलूप अडलं तर तुम्हालाही तुमच्या फाइली मिळणार नाहीत, म्हणून हे गमतीत करू नका. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घरी असू द्या.

फलाटावर जोडताना

वायफायचं नाव माणसाला विचारा. हॉटेलात काउंटरवर, ग्रंथालयात ग्रंथपालांना, स्टेशनवर तिथल्या पाटीवर बघून. अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. रेंजचे पट्टे कुणाचे जास्त यावर निवड करायची नाही. जाळं लावणारा जवळच बसलेला असतो, त्यामुळे त्याचेच पट्टे भरलेले असतात. नावावर क्लिक केल्यावर ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची खूण काढून टाका, आणि जोडल्यावर प्रॉपर्टीज उघडून ‘पब्लिक नेटवर्क’ आहे ना ते पाहा.

रेल्वे स्टेशनवरची रेलवायर सेवा रेलटेल ही रेल्वेचीच कंपनी चालवते. जानेवारी २०१६ मध्ये गूगलच्या साथीने मुंबई सेंट्रलला सुरुवात झाली, पुढे गूगल बाजूला झालं आणि रेलटेलने ती चालू ठेवली. जोडल्यावर एक पान उघडतं, त्यात मोबाईल नंबर टाकायचा, एसएमएसने ओटीपी येतो, तो भरायचा. रोज पहिली ३० मिनिटं मोफत, पुढे पैसे भरून प्लॅन. म्हणजे मोफत वेळेसाठी नंबर आणि ओटीपी पुरतो. आधार नंबर, ईमेलचा पासवर्ड किंवा ‘पडताळणीसाठी एक रुपया’ असं काही मागितलं, तर तिथेच वायफाय तोडा.

ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. नुसते आकडे बघून टाकायची आपल्याला सवय लागली आहे. खोट्या पानावर तुम्ही नंबर टाकलात आणि पलीकडच्याने त्याच क्षणी तुमच्या नंबरवर व्हॉट्सॲप सुरू करायचा प्रयत्न केला, तर येणारा ओटीपी व्हॉट्सॲपचा असतो. तुम्ही तो वायफायचा समजून त्याच पानावर भरता आणि खातं हातचं जातं. मेसेजमध्ये कशाचा ओटीपी आहे ते लिहिलेलं असतं. वाचायला तीन सेकंद लागतात.

कधी कधी लॉगिनचं पान आपोआप येत नाही. तेव्हा आपण जीमेल उघडायला जातो आणि ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ अशी लाल खूण येते. वायफायवाला तुम्हाला स्वतःच्या पानावर वळवू पाहतोय आणि ब्राउझर त्याला अडवतोय, असं बहुतेक वेळा तिचं कारण असतं. तरीही ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन पुढे रेटायचं नाही. त्याऐवजी ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ ही मुद्दाम साधी ठेवलेली साइट उघडा, लॉगिनचं पान तिथे येईल. ब्राउझर ‘ही साइट सुरक्षित नाही’ म्हणून थांबवेल, तर फक्त एवढ्याच साइटसाठी पुढे जा, कारण तिथे आपण काहीच भरत नाही. लॉगिन झाल्यावर जीमेल पुन्हा उघडा. लाल खूण अजूनही येत असेल तर लॅपटॉपची तारीख-वेळ बरोबर आहे का पाहा. तीही बरोबर असेल तर ते वायफाय सोडा. ही सूचना म्हणजे ‘ट्रकचं सील तुटलेलं दिसतंय’ असं ब्राउझरचं सांगणं आहे.

पत्त्याचंही एक सांगतो. एचटीटीपीएस आहे म्हणजे साइट प्रामाणिक, असं नाही. ठगही सील लावून ट्रक पाठवतो. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडा, आणि त्यानंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग वाचा. महाडीबीटीच्या पत्त्यात तो ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असाच असतो. ‘महाडीबीटी’ हा शब्द आधी असून शेवट भलताच असेल, तर ती सरकारी साइट नव्हे.

पैशाचं काम असेल तर

नेट बँकिंग, कार्डाने फी भरणं आणि कागदपत्रं अपलोड करणं यासाठी माझं मत ठाम आहे. वायफाय तोडा आणि स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट घ्या. बँकेची साइट सीलबंद असते हे खरं, पण पैशाच्या कामात चुकीला दुसरी संधी नसते आणि आपला डेटा आपल्या खिशात असतो. हॉटस्पॉटच्या नावात स्वतःचं नाव किंवा नंबर नको, पासवर्ड निदान बारा अक्षरांचा ठेवा. यूएसबी केबलने जोडलं तर आणखी बरं. केबलने नेट देता देता मोबाईलही चार्ज होत राहतो. लॅपटॉपमध्ये त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, नाहीतर रोजचा दीड जीबी विंडोजचं अपडेटच गिळून टाकेल आणि अर्ज तसाच राहील.

मला कल्पना आहे, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांना हे सांगणं सोपं नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आणि अर्जाची शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही. नंदुरबारला उतरून जे वायफाय मिळेल त्यावरच काम उरकायचं असेल, तर वरच्या सगळ्या पायऱ्या सांभाळून करा, आणि फी भरण्याची पायरी तेवढी मोबाईलवर रेंज असलेल्या जागी करा. अर्ज सेव्ह करून ठेवता येतो, तो एका बैठकीत पुरा करायची सक्ती नसते.

व्हीपीएनबद्दल प्रत्येक बॅचमध्ये विचारतात. व्हीपीएन म्हणजे वायफायवाल्याला दिसणारं सगळं झाकून दुसऱ्या एका कंपनीकडून वळवून नेणं. विश्वास नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्यावर जातो. ऑफिसने दिलेलं असेल तर जरूर वापरा, तो नियमच समजा. पण जाहिरातीत दिसलेलं फुकट व्हीपीएन घेऊ नका. त्याचा खर्च कुणीतरी, कशातून तरी काढत असतो, आणि तुमची सगळी वाहतूक त्याच्या हातून जाते. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने भारतातल्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी असा नियम केला, हेही लक्षात असू द्या. वर सांगितलेलं सगळं केलं असेल तर साध्या विद्यार्थ्याचं व्हीपीएनवाचून अडत नाही.

उठताना

चहा घ्यायला चार पावलं जायचं असलं तरी विंडोजचं बटण आणि ‘एल’ एकत्र दाबा, पडदा कुलूपबंद होतो. पासवर्ड टाकताना मागे कोण उभं आहे ते बघा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. काम झालं की खात्यातून लॉगआउट, मग वायफायच्या नावावर ‘फर्गेट’, मग वायफाय बंद, आणि मगच लॅपटॉप मिटा. भाचीला हा क्रम मी दोनदा करायला लावला. तिसऱ्यांदा गाडीची घोषणा झाली तेव्हा तिने तो स्वतःहून केला.

काही चुकलंच तर

खोट्या पानावर पासवर्ड टाकला गेला असं वाटलं की आधी वायफाय तोडा. मग मोबाईलच्या डेटावर ईमेलचा पासवर्ड बदला. ईमेल पहिला, बाकीचे नंतर. गूगल खात्यात ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी यंत्रं दिसतील ती साइन आउट करा. कुठलीही फाइल उतरवून चालवली असेल, तर विंडोज सिक्युरिटीमधून ‘फुल स्कॅन’ लावा आणि तो होईपर्यंत त्या लॅपटॉपवर कोणताच पासवर्ड टाकू नका.

पैसे गेले असतील तर घरच्यांना कसं सांगू या विचारात वेळ घालवू नका. बँकेला फोन करून खातं किंवा कार्ड थांबवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येतात. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वरही नोंदवता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, आलेले मेसेज आणि पानाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा, काही डिलीट करू नका, आणि मिळालेला तक्रार क्रमांक कागदावर लिहून घ्या.